दोन्हीकडून मारा

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी टॉवर क्रेनचा हात फिरता फिरता थांबला. टोकाला लोखंडी सळ्यांचा भारा अकराव्या मजल्याच्या उंचीवर टांगलेला.

क्रेनचालकाला खालून इशारे देणाऱ्या त्याच्या मेहुण्यानं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "दाजी, डुलकी लागली का?"

वरून उत्तर यायला वेळ लागला. "तू दोन दिसतोयस रे. डोकं खायला एकच पुरे होता."

बाजूचे दोघे हसले. मेहुण्यानं मात्र मान वर करून केबिनकडे पाहिलं. दाजींची जीभ जड झाली होती.

रक्तातली साखर महिन्याभरात उतरली नाही तर क्रेनवर चढायचं नाही, असं कंपनीच्या डॉक्टरांनी दाजींना बजावलं, त्याला तीन आठवडे झाले होते. मेहुण्यानंच पुढाकार घेतला. भात, ब्रेड, बटाटा बंद. अंडी, चीज, मासे आणि वर लोणी. "अरे, नवरा आहे माझा, दिवा नाही तेल ओतायला!" ताई कुरकुरली होती. पण साखर भराभर उतरली. साखर उतरवायच्या सकाळ-संध्याकाळच्या गोळीचं काय करायचं, हे दाजींनी एकदा विचारलंही होतं.

"चालू ठेवा की. दोन्हीकडून मारा करू!" मेहुणा म्हणाला होता. डॉक्टरांना विचारायचं कुणाच्याच मनात आलं नाही. केबिनमधली बिस्किटंही सोमवारी त्यानंच खाली आणली, उगाच मोह नको म्हणून.

"दाजी, डब्यात काय आहे?"

"अंडी. चीज. हात थरथरतायत रे. घामानं भिजलोय."

"गोड काही?"

"तूच नेलंस ना."

मेहुण्यानं भाऱ्याखालची माणसं हटवली, मुकादमाला रुग्णवाहिका बोलवायला लावली, चहाच्या टेबलावरची साखर मुठीनं खिशात कोंबली आणि शिडी धरली. दाजींचा हात सुटला तरी क्रेनचा ब्रेक आपोआप लागतो, भारा पडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. भाऱ्याची चिंता नव्हतीच.

शिडीचे सोळा टप्पे. पाचव्यावर त्याचे पाय भरून आले.

"दाजी, बोलत राहा. शिव्या द्या हवं तर."

"तुला लग्नातच देऊन झाल्या..."

आठव्या टप्प्यानंतर वरून काही आलं नाही.

"दाजी! चुकलो मी. ऐकताय ना? गोळी बंद करायला हवी होती. डोळे मिटू नका, तुमच्या पाया पडतो. ताईला काय तोंड दाखवू मी?"

नऊ एकेचाळीसला तो केबिनच्या तळाशी पोचला. आत शिरायच्या वाटेवरचं झाकण वर ढकललं, ते हललं नाही. खांदा लावला तेव्हा दोन बोटं फट पडली. फटीतून दाजींची बाही दिसली, घामानं चिकटलेली. सगळं अंग झाकणावरच होतं.

रुग्णवाहिका फाटकाशी आली आहे. झाकण अजून तेवढंच उघडं आहे. मघाशी वॉकीटॉकीत दाजींच्या बाजूनं बटण दाबल्याचा आवाज आला. त्यापुढे शब्द आलेला नाही.