मी दूध आणायला गेले होते

माझ्या नवऱ्याच्या, ट्रेव्हरच्या रेकॉर्डवर दार आपटल्याचा तो गाजलेला आवाज आहे ना, ते दार मी लावलं होतं. चहाला दूध नव्हतं, म्हणून निघाले होते. बँडने रेकॉर्डिंगसाठी खेड्यात घर भाड्याने घेतलं होतं. रेकॉर्डिंग चालू असल्याचा लाल दिवा लागला की हलायचं नाही, हे मला ठाऊक होतं; त्या दिवशी दिसलाच नाही. गाण्याच्या शेवटी धाड्‌कन आवाज. ट्रेव्हर भडकला, पण ड्रमवाला नेव्ह म्हणाला, "राहू दे रे. बायको सोडून गेल्यासारखं वाटतंय."

झालं. बाकीची गाणीही सोडून गेलेल्या बायकोची झाली. ती रचली जात होती तेव्हा मी शेजारच्या खोलीत सगळ्यांसाठी सँडविच करत होते.

त्याआधी बँड इंग्लंडातल्या आमच्या डडली गावातल्या पबांत आणि लग्नांत वाजवायचा. रेकॉर्ड निघाली आणि अमेरिका काय, जपान काय! ट्रेव्हर घरी येईनासा झाला. किटलीशी माणूस किती बोलणार? शेवटी मी खरंच निघाले. दार हळूच ओढून घेतलं. आपटायचं तरी कुणासाठी?

आता एक लाकडी दार चौकटीसकट ट्रकमधून बँडबरोबर फिरतं. नेव्ह ते स्टेजवर आपटतो, लोक बेभान होतात. आणि मी काम करते त्या बेकरीत बायका विचारतात, "काय गं, एवढ्या गुणी माणसाला सोडवलं कसं तुला?"

यंदा बँड डडलीत आला. मी दुपारीच हॉलवर गेले.

"आजच्या दिवस ते दार नको रे. इथे सगळे मला ओळखतात."

"अगं डोरीन, तुझा काय संबंध त्याच्याशी?" ट्रेव्हर हसला. "खरं सांगू? ते गाताना तू आठवतही नाहीस. हॉटेलात जेवायला काय असेल, एवढंच डोक्यात असतं."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बरं बाई, नाही आपटत. नेव्ह, ऐकलंस ना?"

संध्याकाळी मी मागे उभी राहिले. गाणं संपलं. नेव्हने काठ्या मांडीवर ठेवल्या. क्षणभर शांतता, आणि मग अख्ख्या हॉलने एकदम पाय आपटले. धाड्! बेकरीतल्या बायकांनी, माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा.

ट्रेव्हर खूश. हात उंचावून ओरडला, "परत एकदा!"

शेजारची पोरगी डोळे पुसत म्हणाली, "मावशी, तुम्ही पण आपटा ना! एकट्याच काय उभ्या?"

मीही पाय आपटला.