वीस खिशांचा पडदा

"बाई, तुमची मान कायम उजवीकडेच का झुकलेली असते?"

प्रश्न एकदाचा मूगच्या तोंडातून निसटला. व्हरांड्यातल्या खांबाआड लंबी आणि खिखी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. पैजच तशी होती. हा प्रश्न पहिलीच्या बाईंना भर व्हरांड्यात, तोंडावर विचारायचा; नाहीतर आठवडाभर दोघींची दप्तरं वाहायची. लंबीच्या दप्तरात विटा असतात असा सगळ्या नववीला संशय होता, त्यामुळे मूगला दुसरा रस्ताच नव्हता.

मूग हे काही तिचं खरं नाव नव्हे. चौथीपासून आठवीपर्यंत ती वर्गात मूग गिळून बसायची, म्हणून पडलेलं. 'हजर' सुद्धा इतकं हळू म्हणायची, की दोनदा तिची गैरहजेरी लागली होती आणि दोन्ही वेळा तिनं ती निमूट मान्य केली होती. पण नववीच्या सुरुवातीला एका बदली शिक्षकांनी तिला धडा मोठ्यानं वाचायला उभं केलं. लटपटत सुरुवात झाली, चौथ्या ओळीला आवाज सापडला, आणि धडा संपला तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा ऐकत होती. त्या दिवसापासून बाटलीचं बूच उडावं तशी ती बोलत सुटली ती सुटलीच. नाव मात्र मूगच राहिलं.

पहिलीच्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मान अर्थातच उजवीकडे.

"सव्वीस वर्षं झाली मला या शाळेत," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी हा प्रश्न मनात विचारलाय. तोंडानं विचारणारी तू पहिली."

"सॉरी बाई."

"सॉरी कशाला? उत्तर देते की. पण असं उभ्या उभ्या नाही मिळायचं. आत ये. आणि त्या खांबाला फुटलेल्या दोन फांद्यांनाही घेऊन ये."

वर्गात फळ्याखाली एक भलं मोठं खोकं होतं. भिंतीवर निळ्या कापडाचा पडदा टांगलेला होता आणि त्याला वीस खिसे शिवलेले होते, सगळे रिकामे. गेल्या वर्षीची पुस्तकं वाचून, ओढून आणि काही प्रमाणात चावून संपली होती.

"पुस्तकवाल्यानं साठ चित्रपुस्तकं पसंतीला पाठवलीत," बाई म्हणाल्या. "वीस ठेवायची, चाळीस सोमवारी सकाळी परत. माझ्या वर्गात एकतीस मुलं आहेत. त्यांना वर्षभर हीच वीस पुरवायची आहेत, मध्ये बदलून मिळत नाहीत. अलीकडे मला तेच ते आवडायला लागलंय, नवे डोळे हवेत. तेव्हा यंदा निवड तुम्ही करा. शुक्रवारी शेवटच्या तासाला त्यातलं एक वाचून दाखवा. मानेचं उत्तर तिथंच मिळेल."

खिखी खिदळली. लंबी म्हणाली, "एवढंच? हातचा मळ आहे."

गुरुवारी शाळा सुटल्यावर तिघी त्या खोक्यावर तुटून पडल्या. पोटावर लोळत, पाय हवेत हलवत, एकेक पुस्तक नाकाशी धरून त्यांनी सगळी साठ वाचून काढली. चांदण्यांच्या गावातल्या राजकन्येवर तर तिघींचा जीव जडला. काय ते बारीक चंदेरी काम! राजकन्येच्या ओढणीवरचा एकेक टाका दिसत होता. एक होतं एका लिफ्टमध्ये अडकलेल्या पाणघोड्याचं. पानभर एक ढोबळ करडं धूड आणि खाली जेमतेम दोन शब्द. लंबीनं ते दोन बोटांनी उचलून नापसंतीच्या ढिगावर टाकलं. "यात वाचायचं काय? आणि हा पाणघोडा आहे की उशी?"

तासाभरात वीस पुस्तकं निवडून झाली. मूग घरी गेली ती छाती फुगवूनच. आई दवाखान्यात नर्स होती, बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दोघांनाही तिनं तीनतीनदा सांगितलं, की पहिलीचं अख्खं वर्ष आता तिच्या हातात आहे.

"गेल्या वर्षी दुकानात खोडरबर मागायचं तर मला बरोबर न्यायचीस," आई म्हणाली.

"ते गेल्या वर्षी," मूग म्हणाली.

शुक्रवारी शेवटच्या तासाला ती खुर्चीवर ऐटीत बसली. समोर चार सतरंज्यांवर एकतीस मुलं. मूगनं राजकन्या मांडीवर उघडली आणि आपल्या नव्याकोऱ्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"ताई, दिसत नाही!"

तिनं पुस्तक मुलांकडे फिरवलं. आता तिला अक्षरं दिसेनात. पुन्हा स्वतःकडे घेतलं.

"ताई, दाखव ना!"

पुस्तक टेबलफॅनसारखं इकडून तिकडे फिरू लागलं. गोष्टीचा धागा तुटला तो तुटलाच.

"ताई, हा डाग कसला?" तिसऱ्या सतरंजीवरून आवाज आला.

"डाग नाही रे, राजकन्या आहे."

"एवढुशी?"

"लांबून तशी दिसते."

"मग जवळ आण."

ती उठून जवळ गेली, तर पुढची मुलं ओरडली. पाचव्या पानाला दोघं एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. सातव्या पानाला एकीनं अगदी सभ्यपणे विचारलं, "ताई, घंटा कधी होणार?" दाराशी लंबी आणि खिखी छताकडे बघत उभ्या होत्या. खिखीला हसू येत नव्हतं, यावरूनच काय ते समजावं.

मुलं घरी गेल्यावर मूग खुर्चीतच बसून राहिली. पार फज्जा उडाला होता. जुनी मूग असती तर आठवडाभर शाळेला आली नसती. नवी मूग म्हणाली, "बाई, माझं काय चुकलं?"

"ऊठ. शेवटच्या सतरंजीवर जाऊन बस."

मूग गेली. बाईंनी खुर्ची घेतली, पुस्तक उजव्या हातात, खांद्याच्या उंचीवर, मुलांकडे तोंड करून धरलं. डाव्या हातानं पान उलटायचं. आणि अक्षरं वाचायला त्यांनी मान उजवीकडे कलती केली. नेहमीच्याच कोनात! पुस्तक आणि मान एकमेकांत अशी बसली, जशी किल्ली कुलपात बसते.

"आई गं!" खिखी ओरडली. "म्हणून!"

"सव्वीस वर्षं, रोज दोन पुस्तकं," बाई म्हणाल्या. "आता मान माघारी यायला तयार नाही. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा. एकदा दुसऱ्या हातात पुस्तक धरून पाहिलं, तर मुलं म्हणाली, बाई, आज तुम्ही उलट्या आहात. दिला नाद सोडून. बरं, तिथून काय दिसतंय?"

शेवटच्या सतरंजीवरून राजकन्या खरंच डाग दिसत होती. शिवाय बऱ्यापैकी मळकट डाग.

"आपण उंटावरून शेळ्या हाकल्या," मूग पुटपुटली. "नाकाशी धरून निवडली सगळी."

मग कामाला खरी सुरुवात झाली. लंबीची उंची पहिल्यांदाच सत्कारणी लागली. ती पुस्तकं धरून उभी राहिली. मूग आणि खिखी शेवटच्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या. निवडलेल्या विसांपैकी सहाच टिकली. मग नापसंतीचा ढीग पुन्हा उपसला, तेव्हा एकेक गंमत बाहेर पडू लागली. जवळून बावळट वाटलेली चित्रं लांबून जिवंत होत होती. पाणघोड्याचं पान उघडलं आणि खिखी किंचाळली, "अगं, त्याचा डोळा बघ! तो घाबरलाय!" लांबून ती उशी राहिलीच नव्हती. प्रत्येक पानावर लिफ्ट एकेक मजला चढत होती, दार उघडत होतं आणि कुणीतरी आत घुसू पाहत होतं. पुढच्या मजल्यावर कोण असेल, हे पान उलटल्याशिवाय कळतच नव्हतं.

"दोनच शब्द आहेत खाली," लंबी म्हणाली.

"बरंय की," बाई म्हणाल्या. "उरलेले मुलं घालतील."

संध्याकाळ व्हायच्या आत एकोणीस पुस्तकं ठरली. विसावं सकाळी ठरवू म्हणून तिघी घरी गेल्या.

शनिवारी पहिल्याच तासाला मूग पुन्हा त्या खुर्चीवर बसली. ऐट नव्हती. पाणघोड्याचे सगळे शब्द तिनं रात्रीतून पाठ केले होते. पुस्तक उजव्या हातात उंच धरलं, मान कलती केली.

"दार उघडलं..." ती म्हणाली आणि थांबली. पान उलटलंच नाही.

सगळी मुलं पुढे सरकली.

"कोण आहे, ताई?"

"कोण असेल?"

"वाघ!" "पोस्टमन!" "माझी मावशी!"

पान उलटलं. गाद्या घेतलेले दोन हमाल होते. वर्ग खो खो हसत सुटला. तिसऱ्या मजल्याला मुलं आपणहून पाणघोड्याला ढकलू लागली. पुढची सतरंजी मागच्या सतरंजीवर कलंडली. सहाव्या मजल्याला मूगचा आवाज मुलांच्या आवाजात बुडून गेला आणि तिला त्याचा एवढा आनंद झाला, की शेवटचे दोन शब्द ती साफ विसरली. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"पुन्हा!" एकतीस तोंडांनी फर्मान काढलं.

तीनदा वाचावं लागलं.

मग बाईंनी एकोणीस पुस्तकं सतरंज्यांवर पसरली आणि मुलांना मोकळं सोडलं. मूग कौतुकानं बघत असताना एका मुलीनं तिची बाही ओढली. तिला सगळे बटण म्हणत, कारण ती वर्गात सगळ्यात लहानखुरी होती. डोळ्यांवर गोल चष्मा, नवाच असावा, मागे इलॅस्टिकनं घट्ट बांधलेला.

"मी मोजले," बटण म्हणाली.

"काय मोजलंस गं?"

"चष्मेवाले. सगळ्या पुस्तकांत मिळून चार आहेत. दोन आजोबा, एक आजी आणि एक घुबड."

मूगला हसू फुटणार होतं. पण बटण हसत नव्हती.

"छोटं कुणीच नाही," ती म्हणाली. "खोक्यात आहे का?"

दोघी खोक्यात शिरल्या. उरलेली एकेचाळीस पुस्तकं पानापानानं चाळली. एक मास्तर सापडले, एक शास्त्रज्ञ सापडला, आणखी एक घुबड सापडलं. चष्मा लावलेलं पोर एकही नाही.

"राहू दे, ताई," बटण म्हणाली. तिनं ते इतक्या हळू म्हटलं, की मूगला ऐकायला खाली वाकावं लागलं.

तो आवाज मूगच्या चांगलाच ओळखीचा होता. तो तिनं पाच वर्षं वापरला होता.

"पुस्तकात चष्मेवाली मुलगी असती, तर तिनं काय केलं असतं?" मूगनं विचारलं.

बटणनं विचार करायला एक क्षणही घेतला नाही. "झाडावर चढली असती. पार वर. आणि चष्मा पडला नसता."

शाळा सुटल्यावर बाई पडद्याच्या खिशांत पुस्तकं भरत होत्या. एकोणीस खिसे भरले. विसाव्यासाठी त्यांनी आगगाडीतल्या हत्तीचं पुस्तक पुढे केलं. "हेही चांगलं आहे. शेवटच्या सतरंजीवरून सोंड छान दिसते. घालू?"

हत्ती खरंच चांगला होता. 'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं.

"नको, बाई. एक खिसा रिकामा ठेवा."

"विचार कर. खोकं सोमवारी गेलं की गेलं. आणि रिकामा खिसा मुलांना रोज दिसणार. ती रोज विचारणार, यात काय येणार? उत्तर तू द्यायचं, मी नाही."

"पुढच्या शनिवारी देते."

"नक्की?"

खिखीनं तिचा हात दाबला. लंबी म्हणाली, "अगं, हत्ती घे ना! कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"नक्की," मूग म्हणाली.

घरी पोचली तेव्हा बाबा जेवायला दुकानातून आले होते आणि आई ताटं मांडत होती. मूगनं दप्तर खुर्चीवर आपटलं, पण बसली नाही.

"काय गं, पुन्हा फज्जा?" बाबांनी काळजीनं विचारलं.

"छे! तीनदा वाचायला लावलं. आई, तो पाण्याचा तांब्या खाली ठेव, नाहीतर सांडशील. मला तुम्हा दोघांना काहीतरी सांगायचंय."

आईनं तांब्या खाली ठेवला. बाबांनी घास ताटात परत ठेवला.

"विसावं पुस्तक मी स्वतः करणार आहे. चित्रं माझी, शब्द माझे. चष्मा लावलेली एक मुलगी झाडावर चढते आणि तिचा चष्मा पडत नाही. बाबा, हसू नका, माझा घोडा टेबलासारखा दिसतो हे मला माहीत आहे, पण यात घोडा नाहीच. झाड मला येतं. चष्मा तर फारच छान येतो, दोन गोल आणि मध्ये एक दांडी. शनिवारपर्यंत पूर्ण करायचंय, मी शब्द दिलाय. कागद एवढे मोठे घेणार, की चौथ्या सतरंजीवरून पानन् पान दिसलं पाहिजे. म्हणून आजपासून आठ दिवस हे जेवणाचं टेबल माझं. तुमचं जेवून झालं, की ताटं उचला."