पेटीतल्या पांढऱ्या कुर्त्याचा हेवा

मित्रांनो, ज्याच्या अंगावर एकही ठिगळ नाही, एकही डाग नाही आणि तरीही जो मनातून जळत असतो, असा कपडा तुम्ही कधी पाहिला आहे का? नसेल तर माझ्याकडे पाहा. मुडबी गावच्या पंचशीलाचा मी पांढरा सुती कुर्ता. वयाने जुना, पण अंगाने कोरा.

पंचशीलाचे वडील बळीराम यांनी बसवकल्याणहून पांढरे कापड आणले आणि बंडेप्पा शिंप्याकडे टाकले. त्या एका कापडातून आम्ही तिघे जन्मलो: मी, माझी सलवार आणि माझी ओढणी. बंडेप्पाने मला सैल शिवले. "अंगात घातल्याचं ध्यानात बी येऊ नये, असा कुर्ता पाहिजे," असे तो म्हणाला होता.

मुडबीतल्या बौद्ध घरांत वंदनेला आणि जयंतीला पांढरे कपडे घालण्याची रीत आहे. पहिल्याच जयंतीला मी विहारात गेलो. सगळी रांग पांढरीशुभ्र होती. बायका पंचशीलाला जवळ घेऊन म्हणत होत्या, "किती साजरी दिसायलीस गं!" मला वाटले, आपल्या आयुष्याची छान सुरुवात झाली.

घरी आल्यावर तिच्या आईने, भागाबाईने, आम्हाला धुतले, नीळ दिली, इस्त्री केली आणि लोखंडी पेटीत ठेवले. "ह्यो वंदनेचा जोड हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या कामाला हात लावायचा न्हाई." झाले! वर्षातून मोजके सण सोडले तर आमच्या वाट्याला अंधारच आला. पेटीचे झाकण एका कोपऱ्यात चेपलेले होते. त्या फटीतून मला समोरची खुंटी दिसे. जग म्हणून मी पाहिले ते एवढेच.

आणि एके दिवशी त्या खुंटीवर तो आला. वांगी रंगाचा, चमकत्या कापडाचा, गळ्याभोवती बारीक आरसे लावलेला कुर्ता. पंचशीलाला बसवकल्याणच्या एका शाळेत शिक्षिकेचे काम मिळाले होते, म्हणून तिने तो खास कलबुर्गीहून आणला होता. शाळेत पहिल्या दिवशी आपण कुणीतरी मोठे दिसावे, असे तिला वाटत होते.

मित्रांनो, त्या सकाळी मला जो हेवा वाटला, तो काय सांगू! तो बसमध्ये बसणार, शाळेची घंटा ऐकणार, मुलांच्या गर्दीत उभा राहणार. आणि मी? मी पेटीत कसर लागू नये म्हणून घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्यात पडून राहणार. त्याचा एक तरी आरसा निखळून पडावा, असे मला मनापासून वाटले.

पण संध्याकाळी पंचशीला परतली ती चेहरा पाडून. असे रोजच होऊ लागले. चमकते कापड उन्हात अंगाला चिकटे. हात वर केला की काखेत ओढ बसे. ओढणीचा धागा आरशात अडके आणि तो सोडवण्यात तिचा धडा अर्धवट राही. एकदा मुख्याध्यापक रेवणसिद्धप्पा तिचा वर्ग पाहायला आले, तेव्हा तर ती बोलता बोलता थांबलीच.

"काय म्हणाले सर?" बळीरामने विचारले.

"म्हणाले, बाई, तुमचं ग्यान चांगलं हाय, पण निम्मं ध्यान कपड्यात हाय. सोमवारी परत येतो. तवा जमलं तर ठेवून घेऊ, न्हाई तर दुसऱ्या बाई बघू." पंचशीला उंबऱ्यावरच बसली. "अप्पा, ही नोकरी गेली तर मी परत वर्गात उभी ऱ्हायची हिंमतच करणार न्हाई."

रविवारी सकाळी तिने असतील नसतील तेवढे कपडे बाजेवर काढले. पेटीही उघडली. माझी छाती फुगली. आता माझीच पाळी!

"पंचा, काय करायलीस?" भागाबाई चुलीजवळून ओरडली. "वंदनेचा जोड हाय तो!"

"आई, ह्या घरात मला मोकळं वाटतंय असं हेच एक हाय."

"आणि पोरांनी शाईचे हात लावले मग? विहारात काय तोंड दाखवू?"

"मग कामून घालतो आपण पांढरं?" बळीरामने मध्येच विचारले. "मन सोच्छ ऱ्हावं म्हणूनच ना? मग पोरांना शिकवताना मन मळकं ठेवायचं व्हय?"

"तुम्ही गप बसा. धुवायला काय तुम्ही येणार हाव?"

"येतो की!"

"आलेत मोठे धुणारे! सोताचा रुमाल तरी धुतलाय का कधी?"

पंचशीलाला हसू आले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसले. भागाबाई थोडी नरमली. "बरं, सलवार आणि ओढणी घे. पण कुर्ता न्हाई," ती म्हणाली.

काय हा न्याय! माझ्या सख्ख्या बहिणी बाहेर निघाल्या आणि मी तिथेच. त्यांना जोडीला कोण मिळाला, तर घरी वापरून मऊ झालेला साधा पोपटी कुर्ता. वांगी निदान चमकत तरी होता. हा पोपटी तर केर काढताना घालायचा! मी हेव्याने पिवळा पडलो नाही, याचे श्रेय भागाबाईच्या निळीला.

"आता असं कर," बळीराम म्हणाला. "ही भिंत म्हणजे फळा. लिही."

पंचशीलाने हात वर करून भिंतीवर बोट फिरवले. मग ती बाकाशी वाकल्यासारखी वाकली, खाली बसली, उठली, अंगणातून चालून आली. ओढणी एका खांद्याला टाचून घेतली होती, ती जागची हलली नाही.

"कुठं ओढतंय का?"

"न्हाई, अप्पा. कायबी घातल्यागत वाटंना."

सोमवारी ती आरशासमोर क्षणभर थांबली आणि निघाली. मी दिवसभर फटीला डोळा लावून होतो. संध्याकाळी ती अंगणातूनच ओरडली, "आई! सर शेवटच्या बाकावर बसून ऱ्हायले आणि मला ध्यानातच न्हाई! म्हणाले, पुढं सातवीचा वर्गबी तुम्हीच घ्या. आणि एक पोरगी काय म्हणाली ठाव हाय का? बाई, आज तुमची ओढणी पडंना कामून?"

भागाबाई पोटभर हसली. मग पदराला हात पुसत ती पेटीजवळ आली आणि तिने मला बाहेर काढले. "ह्याला एकट्याला कामून कोंडायचं? जा घेऊन."

"आणि वंदनेला?"

"धुतलं की परत पांढरंच हाय की."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. खाली सलवार कुणाची होती, सांगू? त्या वांगी कुर्त्याची! आमचे रंग एकमेकांना शोभतात, असे सगळे म्हणाले. मी ऐकले न ऐकल्यासारखे केले. तो स्वतः आता लग्नकार्याला जातो आणि मांडवाच्या दिव्यांत खरेच फार देखणा दिसतो. त्याचाही मला हेवा वाटतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी ठेवणीतले कपडे असतील. त्यांना अंधारात म्हातारे करू नका. नवे घेण्याआधी जुने एकमेकांशी लावून पाहा. जे घालाल ते आदल्या दिवशी घालून बसा, वाका, हात वर करा. जे घातल्याचा विसर पडतो, ते तुमचे. आणि परत आल्यावर आम्हाला धुऊन उन्हात वाळवा. एवढे केलेत तरी पुष्कळ.

माझे विचाराल, तर आता दांडीवर पोपटी माझ्या पुढे टांगलेला असतो. सरांच्या समोर तो गेला, मी नाही, हे मी विसरलेलो नाही. म्हणून तुमच्यापैकी कुणी पंचशीलाबाईंच्या वर्गात असाल, तर ज्या दिवशी मी येईन त्या दिवशी मला छान म्हणा. जरा मोठ्याने म्हणा. मुडबीला, दांडीवरच्या त्या पोपट्याला ऐकू गेले पाहिजे.