खुर्ची, फ्लाविया आणि कमलाबाईंचं मत

मी खुर्ची बोलतेय. सिडनीच्या पश्चिमेला, ब्लॅकटाउनच्या पुढे वॉटलफर्ड नावाची छोटीशी कौन्सिल, म्हणजे नगरपालिका, आहे. तिच्या सभागृहात महापौर ज्या खुर्चीत बसायचे, ती मी.

इथल्याच एका सुताराने मला लाल लाकडात घडवलं. तेव्हा भोवती नुसती कुरणं होती. नगरसेवक आपसात हात वर करून अध्यक्ष ठरवायचे, आणि बहुतेक वेळा सगळ्यात मोठ्या कुरणाचा मालकच माझ्यावर येऊन बसायचा. पुढे वस्ती वाढली. लोकांनी मतदान करून ठरवलं, महापौर आम्हीच थेट निवडणार. त्यानंतरची माणसं जरा सावरून बसू लागली.

अधिकार म्हणाल तर बेताचेच. रस्ते, कचरा, बागा, लायब्ररी, आणि नव्या नागरिकांना शपथ देणं.

फ्लाविया लोपीस मूळची वसईची. ती निवडून आली आणि अडीच वर्षांत कोरोना आला. सभा लॅपटॉपवर गेल्या. सभागृहाला कुलूप लागलं. नगरसेवकांच्या बारा खुर्च्यांवर कापड टाकलं, मला तेवढं उघडं ठेवलं. कारण फ्लाविया रोज सकाळी अकराला एकटीच यायची, माझ्यावर बसून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना फोन लावायची. फोन स्पीकरवर असायचा. त्या रिकाम्या दालनात मला तेवढीच सोबत.

त्यांतल्या एक कमलाबाई. नवरा, काशीनाथ, वारलेला. मुलगा प्रज्ञेश पर्थला, आणि राज्याच्या सीमा बंद.

"जय भीम, मेयरबाई. माझ्या प्रज्ञेशला येऊ दे ना गं."

"मावशी, ते माझ्या हातात नाही हो. मी दोन पत्रं पाठवली."

"मग तुझ्या हातात आहे तरी काय?"



एके दिवशी कौन्सिलचा मॅनेजर स्टीफन दारातूनच म्हणाला, "बागेतली बाकं बंद करायचा वरून आदेश नाही. तुम्ही ठरवा." फ्लावियाने बराच विचार केला. गर्दी झाली, कुणी दगावलं तर? तिने सही केली. बाकांना पिवळ्या पट्ट्या बांधल्या गेल्या.

कमलाबाईंचा नागरिकत्वाचा समारंभ आधीच रद्द झाला होता. शेवटी दोन हजार एकवीसच्या ऑगस्टमध्ये, लॉकडाऊन असतानाच, फ्लावियाने माझ्यावर बसून लॅपटॉपवरून त्यांना शपथ दिली. गुडघे दुखत असूनही बाई उभ्या राहिल्या. एकेक शब्द जपून म्हणाल्या.

"आता मला मत देता येईल?"

"येईल ना. द्यावंच लागेल, इथे मतदान सक्तीचं आहे."

"बाबासाहेबांनी दिलेलं मत मी तिकडे कधी चुकवलं नाही. इथे आल्यापासून नुसती बघत बसले होते." आणि बाई रडल्या.

डिसेंबरात निवडणूक झाली. फ्लाविया हरली. आवराआवर करायला ती आली, तेव्हा कमलाबाईंचाच फोन आला.

"पोरी, खोटं बोलवत नाही. मी तुला मत दिलं नाही."

फ्लाविया हातातली फाईल ठेवून माझ्यावर बसली.

"घरातनं निघून त्या बाकावर दहा मिनिटं बसायचे. समोर झाडं असायची, कुणीतरी हॅलो म्हणायचं. तू पट्टी बांधलीस. रोज फोन केलास, ते खरं. पण फोन घरातच यायचा गं."

"बरोबर आहे, मावशी," फ्लाविया म्हणाली. "ती सही माझीच होती. मी चुकले."

"जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग ये इकडे. भाकरी टाकते."

फ्लाविया उठली. मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

नव्या महापौरांची पाठ दुखते. त्यांनी चाकांची खुर्ची आणली. मी आता सामानाच्या खोलीत, ख्रिसमसच्या सजावटीमागे आहे. भिंतीपलीकडे सभा भरते. आवाज येतो, शब्द कळत नाहीत.

पदाचं राहू द्या. कुणी दमून या दाराशी आलंच, तर आत येऊ द्या. घटकाभर टेकू द्या त्याला. माझे पाय अजून घट्ट आहेत.