फोनातली आई

ठण्ण! पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल घसरला आणि ताटलीवर आपटला. छकुलीनं मोबाईल उचलला, फ्रॉकला पुसला, पुन्हा डब्याला टेकवला आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसली.

"खा ना गं बाळा," सत्यशीला म्हणाली. वरणात कुस्करलेल्या भाकरीचा घास तिच्या बोटांत केव्हाचा गार झाला होता.

छकुलीनं ओठ घट्ट मिटले. "आजी, आईला फोन लाव."

"अगं, म्होरं बसली ती कोण हाय मंग?" बायनाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "हीच की तुझी आई!"

"न्हाई. ही पाव्हणी हाय. आई फोनात असती."

बायनाबाईंना हसू फुटलं. सुनेचा चेहरा दिसला तसं त्यांनी ते आवरलं आणि भाकरी जरा जोरातच थापली.

सत्यशीला मालदीवहून पहिल्यांदाच सुट्टीवर येऊन आठवडा होत आला होता. डी.एड. होऊन घरी बसली होती, इकडे भरतीचं काही खरं दिसेना. वाटूरच्या फाट्यावर नवऱ्याचं, सुग्रीवचं, पंक्चरचं दुकान. ते चालायचं आणि नाहीही चालायचं. तिकडच्या एका बेटावरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा छकुलीला नुकतं दुसरं सरलं होतं. "जा तू," बायनाबाईच म्हणाल्या होत्या. "म्या हाय की."

आयुष्यातला पहिला वर्ग, तोही समुद्राच्या मधोमध. पहिल्याच दिवशी तिनं पोरांना दाराबाहेर बूट काढायला लावले. गावच्या शाळेत ती तशीच शिकली होती, दुसरी काही रीत असेल हे तिच्या मनातही आलं नाही. पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली. मुख्याध्यापिका धावत आल्या, काय झालं म्हणून विचारू लागल्या. रात्रभर घोकलेलं सगळं इंग्रजी ऐन वेळी पळालं. "क्लीन," एवढंच सुचलं. दुसऱ्या दिवशी ती गप्प बसली, तर पोरांनी आपणहून बूट काढून ओळीनं मांडलेले. त्यानंतर तिथे करमू लागलं. गोष्ट सांगताना एक चिमुरडी येऊन मांडीवर डोकं ठेवायची आणि झोपून जायची. तिला उठवायला सत्यशीलाचा जीव व्हायचा नाही.

संध्याकाळी खोलीवर आली की ती घरी व्हिडिओ कॉल लावायची. जेवणाची वेळ. बायनाबाई मोबाईल डब्याला टेकवायच्या आणि छकुली एक घास फोनातल्या आईला द्यायची, एक आपण खायची. "आत्याबाई, काच पुसत जा हो, धूसर दिसतंय," सत्यशीला म्हणायची. इथे आल्यावर तिनं ती काच पाहिली. बरोबर मधोमध, जिथे तिचं तोंड दिसत असेल तिथे, वरण वाळून बसलं होतं.

आता शाळेनं लेकराला सोबत आणायची परवानगी दिली होती. ती त्याच आनंदात आली होती, बॅगेत छकुलीच्या मापाचे लाल बूटसुद्धा होते. ते अजून कागदातच होते. सकाळी नळावर शेजारच्या केशरबाईंनी विचारलंच, "मास्तरीणबाई, जगाची लेकरं हाताळता अन् आपलं लेकरू वळखंना व्हय?"

सुग्रीव हात पुसत आत आला. "एजंट विचारून राह्यला. तिकीट एक काढू का दोन? आजच सांगावं लागंल."

सत्यशीलानं सासूकडे पाहिलं.

"म्या अडवून न्हाई राह्यले," बायनाबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "पर लेकरू तुझ्या हातचं खाईना. तिथं पाण्याच्या मधी उपाशी ठिवशील का? एक घास खाऊ दे तिला, मंग बिलकुल घेऊन जा."

सत्यशीलानं घास पुन्हा पुढे केला. छकुली सरकत सरकत आजीच्या पाठीमागे गेली.

तेव्हा तिनं हात धुतले. पदरात आपला मोबाईल घेतला आणि मागच्या दारानं शेळ्यांच्या गोठ्यात गेली. पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून तिनं व्हिडिओ कॉल लावला. भिंतीपलीकडे घंटी वाजली आणि पाठोपाठ चीत्कार झाला.

"आई!"

प्रत्येक शब्द दोनदा येत होता. आधी पत्र्यातून, मग फोनातून.

"आई, आ कर." काचेवर घास आला आणि सगळा अंधार झाला. सत्यशीलानं गोठ्यात तोंड उघडलं, चावल्यासारखं केलं. मग छकुलीनं खाल्लं. आणखी एक. आणखी एक.

"खाऊन राह्यली की!" आतून सुग्रीवचा आवाज आला. बायनाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

सत्यशीलाच्या मागे शेळी ओरडली.

"तुझ्याकडं बी शेळी हाय?" छकुलीचे डोळे मोठे झाले.

"हाय ना."

"आपल्या चांदीसारखी?"

"अगदी तश्शीच."

छकुलीला ते पटलं. तिनं आजूबाजूला पाहिलं, फोन दोन्ही हातांत धरला आणि तोंड काचेच्या इतकं जवळ आणलं, की सत्यशीलाला तिचे फक्त ओठ आणि हनुवटीवरचं वरण दिसू लागलं. पुसायला तिचा हात वर झाला आणि काचेला लागला.

"आई," छकुली हळूच म्हणाली, "आपल्याकडं एक पाव्हणी आलीय. चांगली हाय. पर लई रडती."

"हो का?"

"तू कवा येणार, आई? ती गेल्यावर?"