डाव्या दांडीतली चीर

मित्रांनो, मी एक जुनी लाल गाडी आहे. तीन दारांची, बुटकी आणि आकाराच्या मानाने फार जोरात पळणारी. कारखान्यात माझ्या एवढ्याशा अंगात सोळाशे सीसीचं चपळ इंजिन बसवलं, तेव्हा तिथला तपासनीस हसून म्हणाला होता, "मूर्ती लहान, पण कीर्ती महान!"

मला भूमितीच्या एका शिक्षकांनी विकत घेतलं. त्यांच्या मुलीचे तेव्हा दुधाचे दात पडत होते. तिचा स्वभाव तापट, म्हणून ते तिला ठिणगी म्हणत. ती त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही म्हणते. बाबा मला दर सुट्टीला धुऊन पुसत आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "मी आयुष्यात कधी गाडी ठोकली नाही."

एक दिवस ते वाक्य खोटं झालं. ठिणगी मागच्या सीटवर झोपली होती. बाबांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला, वळण चुकलं आणि माझं पुढचं डावं चाक दगडी कठड्यावर आदळलं.

"काय झालं बाबा?" ठिणगीने डोळे चोळत विचारलं.

"काही नाही गं. खड्डा होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाकून पाहिलं. इंजिनाचा भार पेलायला माझ्या पुढच्या अंगात दोन लोखंडी दांड्या आहेत. त्यांतल्या डावीला बोटभर लांबीची चीर गेली होती. गॅरेजमध्ये नेलं असतं तर गोष्ट षट्कर्णी झाली असती. मग बाबांनी स्वतःच चिरेत पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली आणि वर काळा रंग दिला. भूमितीच्या माणसाचा हात तो! चीर अशी बुजली की दिसेना. मला मात्र ती दर खड्ड्याला कळायची.

वर्षं गेली. ठिणगी माझ्यावरच गाडी शिकली. एकदा तिने मला फाटकाच्या खांबाला जरासं घासलं, तर बाबांनी दोन दिवस अबोला धरला. पुढे त्यांनी मला तिच्याच हवाली केलं. तिचं माझ्यावर प्रेम होतं, पण तिला धीर नव्हता. इंजिनातला टायमिंग बेल्ट बदलायची वेळ कधीच उलटली होती. "पुढच्या महिन्यात बघू" असे किती पुढचे महिने आले आणि गेले! शेवटी एका चढावर तो पट्टा तुटला. वरखाली धावणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळले, एक कर्कश आवाज झाला आणि माझं इंजिन कायमचं थांबलं.

पाच महिने मी ताडपत्रीखाली काढले. मग ठिणगी आणि बाबांनी मला गॅरेजमध्ये ओढत नेलं. तिथे जमिनीवर दोन इंजिनं ठेवली होती. एक माझ्या जुन्या इंजिनाचं जुळं भावंड, मागून ठोकलेल्या एका गाडीतून काढलेलं. दुसरं दोन हजार सीसीचं, टर्बो लावलेलं आणि चांगलं चाळीस किलोंनी जड.

ठिणगी थेट मोठ्यापाशी जाऊन उभी राहिली. "हेच! येत्या घाटशर्यतीत हिला हेच घेऊन उतरवणार."

"पोरी, बुटक्या माणसाला पैलवानाचा कोट चढवतेयस," गॅरेजचे मेस्त्री म्हणाले.

"चढतो की नाही तेवढं सांगा, मेस्त्री."

"चढतो. पण आधी जुनी दुखणी सांगा. डॉक्टरला सांगता ना, तशी. गाडी कधी पुढून ठोकलीय?"

ठिणगीने बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"छे! ओरखडासुद्धा नाही," ते म्हणाले.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. मेस्त्रींनी बॅटरी मारून दोन्ही दांड्या पाहिल्या. "रंग तर कारखान्याचाच दिसतोय," म्हणाले आणि उठले. तो सुबक काळा रंग त्यांनाही चकवून गेला.

मोठं इंजिन साखळीच्या कप्पीवर चढलं. एकेक कडी कुरकुरत होती आणि इंजिन माझ्या रिकाम्या पोटात इंच इंच खाली येत होतं. उजवी बाजू टेकली. डाव्या बाजूचं बोल्टचं भोक दांडीशी जुळत नव्हतं. ठिणगी वाकली आणि इंजिन सरकवायला तिने दांडीखाली हात घातला.

"अजून थोडं सोडा!" ती म्हणाली.

मेस्त्रींनी साखळी सोडली. माझ्या दांडीवर भार आला. आत, अगदी आत, काहीतरी करकरलं. ते मला ऐकू आलं. बाबांनाही आलं असावं, कारण त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला.

"थांबा! साखळी ओढा! ठिणगे, हात काढ!"

इंजिन वर गेलं. ठिणगी हात चोळत उभी राहिली. "काय झालं बाबा?"

"ती दांडी चिरलीय. मीच... मीच बुजवलीय. तू मागे झोपली होतीस. खड्डा नव्हता तो."

मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरने रंग खरवडला. पुट्टीच्या खपल्या पडल्या आणि टोक आरपार गेलं.

"मी खांबाला घासली तेव्हा दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी!" ठिणगी म्हणाली. "आणि घाटात ही दांडी मोडली असती तर?"

"म्हणून तर ओरडलो."

"आज ओरडलात. मेस्त्रींनी विचारलं तेव्हा?"

मेस्त्री हळूच म्हणाले, "दांडीचा तुकडा कापून नवा जोडता येईल. पण ती मूळ इंजिनाएवढंच वजन पेलेल. त्याहून जास्त वजनाची हमी मी देणार नाही. शर्यतही विसरा."

मग ठिणगीने स्वतः लहान इंजिनाच्या चारही सिलिंडरांचा दाब मोजून घेतला. चारही आकडे सारखे आले, म्हणजे इंजिन धडधाकट होतं. "हे बसवा," ती म्हणाली. "आणि बाबा, वेल्डिंग होईपर्यंत तुम्ही इथेच बसायचं. सगळं बघायचं."

बाबा एका उलट्या डब्यावर बसले आणि बसूनच राहिले. घरी जाताना ते तिच्या शेजारी होते. वाटभर ती त्यांच्याशी बोलली नाही. पण प्रत्येक खड्डा मात्र तिने सांभाळून चुकवला.

मित्रांनो, हातून काही मोडलं तर ते रंगवून झाकू नका. त्याचा भार पुढे ज्याच्यावर पडणार आहे, त्याला आधी सांगा. तो रागावेल. रागावू द्या. मी तो राग घेऊन घरापर्यंत आले आहे. खरं सांगते, चाळीस किलोंपेक्षा तो कितीतरी हलका होता.