मागच्या गल्लीचं दार

थंडीमुळे शाळा बंद ठेवली त्या सकाळी शाळेत आम्ही दोघीच होतो. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आणि ऑफिस सांभाळणारी मी. काम एकच, फोन उचलायचा आणि शिव्या खायच्या. अर्ध्या पालकांना शाळा बंद का ठेवली म्हणून राग, उरलेल्यांना कालच का नाही ठेवली म्हणून. एका बापाने विचारलं, "मी कामावर जाणार, मग पोराला तुम्ही येऊन सांभाळता का?" माझी जीभ वळवळत होती, पण बाई समोर बसल्या होत्या.

बंदचा हट्ट माझाच होता. बाई आदल्या दिवशी म्हणत होत्या, "दोन तास उशिरा भरवू. काही मुलांच्या घरापेक्षा आपले वर्ग गरम असतात." मी म्हटलं, "बाई, एखादं पोर वाटेत गारठलं तर लोक आपल्यालाच सोलून काढतील." त्यात शिक्षण खात्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं की निर्णय तुमचा, जबाबदारीही तुमची. असे साहेब डोक्यावर असले की भल्याभल्यांचं धैर्य गळतं. बाईंनी मुकाट्याने सगळ्यांना मेसेज पाठवला. मी फाटकावर पाटी लावली आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेले.

आता त्या बापाचा फोन ठेवते तोच पुन्हा वाजला. दुसरीतल्या एका मुलीची आई होती, इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. मुलीला सगळी शाळा बडबडी म्हणते.

"आमची बडबडी पोचली ना? इथल्या बायका म्हणतायत आज शाळा बंद आहे."

"बंदच आहे. काल मेसेज केलाय."

मशीनच्या घरघरीतून ती म्हणाली, "माझा फोन बिघडलाय हो, हा इस्पितळातला आहे. तासभर झाला असेल, तिला शाळेच्या कोपऱ्यावर सोडून आले."

मी खिडकीतून पाहिलं. फाटकावर चिटपाखरू नव्हतं. "इथे कोणी नाही. पाटी वाचून घरी गेली असेल."

"घराला कुलूप आहे."

बाईंनी नजरेनेच विचारलं. मी म्हटलं, "बडबडी." "मागे," एवढंच म्हणून त्या कोट न घालता धावल्या.

तेव्हा कुठे माझ्याही लक्षात आलं. घंटेआधी मुलांना आत घ्यायचं नाही, असा वरचा नियम आहे. पण ज्यांचे आईबाप पहाटे कामावर जातात, त्या मुलांना बाई मागच्या गल्लीच्या दारातून गुपचूप आत घेतात. फाटकाकडे फिरकायचं नाही, दार वाजवायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, मी येऊन उघडते, असं त्यांनी मुलांकडून घोकून घेतलं होतं. त्यांतल्या बाकीच्यांना मेसेज मिळाला होता. बंदच्या गडबडीत आज ते दार आमच्या दोघींच्याही डोक्यातून साफ गेलं.

"फोन ठेवू नका," मी आईला सांगितलं आणि पळाले.

दाराची कडी गोठून बसली होती. बाई उघड्या हातांनी ती ओढत होत्या. "बडबडे, आहेस का गं?" बाहेरून हूं नाही की चूं नाही. बाईंचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी वर्गातलं लोखंडी स्टूल आणलं आणि कडीवर घालत सुटले. स्वतःला शिव्या देत होते, स्टूल आपटत होते. एकदाची कडी सरकली.

पोरगी दाराला पाठ टेकून, दप्तर पोटाशी धरून बसली होती. दार उघडताच ती बाईंच्या पायांवर कलंडली. ओठ निळे पडले होते, पण डोळे उघडे होते. बाईंनी तिला स्वेटरच्या आत ओढून घेतलं.

"दार का नाही गं वाजवलंस? आम्ही आतच होतो."

तिला बोलायला वेळ लागला. "तुम्हीच सांगितलंय ना. वाजवायचं नाही."

बाईंनी तिला उचलून घेतलं. मला वाटलं त्या रडतील. रडले मी.

ऑफिसात हीटरजवळ आणून आम्ही तिचे मोजे, हातमोजे काढले आणि तिला ब्लँकेटात गुंडाळलं. बोटांत ऊब यायला लागली तशी ती दुखतंय म्हणून भोकाड पसरून रडू लागली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आई फोनवर तशीच थांबली होती. तिला ते रडणं ऐकू आलं असावं. "डॉक्टरांना घेऊन येते," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

लगेच साहेबांचा फोन. "शाळा बंदच आहे ना? तसं वर कळवायचंय."

बाईंच्या मांडीवर मुलगी होती. त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. मी दिला नाही.

"नाही साहेब, सुरू आहे."

"सुरू? हजर किती?"

"एक."

"एका मुलासाठी शाळा उघडलीत?"

"एका मुलीसाठी," मी म्हणाले. "उद्याही उघडणार आहोत."